आमवातात हाडं पोकळ होतात ती का? या चुका टाळा

सकाळी भाकरी थापायला बसलं की बोटं वळत नाहीत, मूठ आवळायला तासभर जातो. घरातून सल्ला येतो, "कॅल्शियम कमी पडलंय, पायाचं सूप पी." कोल्हापूरकरांचा पांढऱ्या रश्श्यावर भरवसा जरा जास्तच! चवीला त्याला तोड नाही, पण हाडं कितीही उकळली तरी रश्श्यात कॅल्शियम फारच थोडं उतरतं. आणि आमवातात, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, पहिला प्रश्न कॅल्शियमचा नसतोच.

हाड आयुष्यभर मोडत आणि नव्यानं बांधलं जात असतं. ऑस्टिओक्लास्ट पेशी जुनं हाड खातात, ऑस्टिओब्लास्ट नवं भरतात. आमवातात सुजलेल्या सांध्याच्या अस्तरातून टीएनएफ, इंटरल्युकिन-1, इंटरल्युकिन-6 ही रसायनं सुटतात. त्यांनी रँकल नावाचं प्रथिन वाढतं आणि खाणाऱ्या पेशी फोफावतात. त्याच वेळी डीकेके-1सारखी प्रथिनं बांधणाऱ्या पेशींना रोखून धरतात. गवंडीच कामावर नसेल तर दारात सिमेंटची पोती रचून भिंत उठत नाही.

म्हणून सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे वेदनाशामक गोळीवर महिनोन्महिने काढणं. डायक्लोफिनॅकनं ठणका थांबतो, हाडाची कुरतड थांबत नाही. एक्स-रेत बोटांच्या सांध्यांच्या कडेला खाच दिसायला लागली की ती सहसा भरून येत नाही. सूज दोन आठवड्यांत ओसरली नाही तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा. सीआरपी, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ताच्या तपासण्या ते सांगतील. मेथोट्रेक्सेट हे आमवात आवरणारं औषध सुरू झालं तर बहुतेकदा आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं, त्यामुळे वार पाकिटावरच लिहून ठेवा.

दुसरी चूक बिनलेबलच्या 'वाताच्या पुड्यां'ची. दोन दिवसांत चमत्कार झाला की आनंदाऐवजी संशय घ्या, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. ते सूज उतरवतं खरं, पण हाड बांधणाऱ्या पेशीही घटवतं. चेहरा गोल होणं, साखर वाढणं, जरा लागलं की काळंनिळं पडणं या त्याच्या खुणा. मात्र लक्षात आलं म्हणून एका दिवसात बंद करू नका, सवय लागलेलं शरीर कोसळू शकतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, ते डोस हळूहळू उतरवतात. डॉक्टरांनीच प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं असेल आणि ते रोज 2.5 मिलिग्रॅम किंवा जास्त, तीन महिने किंवा अधिक चालणार असेल, तर हाडांची तपासणी सुरुवातीलाच करून घ्या.

तपासणीतही फसगत होते. रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणून हाडं ठणठणीत ठरत नाहीत. शरीर ती पातळी हाडातूनच काढून राखतं. शिबिरात टाचेवर मशीन लावून मिळालेल्या आकड्यावर औषध ठरवू नका. कंबर आणि खुब्याचा डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा स्कॅन, हवा. त्यात टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडाशी केलेली तुलना) उणे 2.5 किंवा खाली असेल तर तो ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा. पुढच्या वेळी तपासणी शक्यतो त्याच मशीनवर करा. तरुणपणापेक्षा उंची 4 सेंटिमीटरनं घटली असेल तर मणक्याचा एक्स-रे काढा, कारण मणका कधी कधी न दुखताच दबतो.

गोळ्यांच्या वेळा: कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत, एका वेळी 500 मिलिग्रॅमपर्यंत, थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. डी जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी आठवड्याला एक अशी आठ आठवडे सांगितली असेल तर आठच. मनानंच वर्षभर चालवली तर कॅल्शियम वाढून किडनीवर येतं. ॲलेंड्रोनेट ही हाडाची झीज रोखणारी गोळी चहाबरोबर नको, उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्या आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ नका.

आणि मिश्री. हिरड्यांची जुनी सूजही याच वाटेनं जबड्याचं हाड खाते. मिश्रीनं ठणका दबतो, पण दात हलतच राहतो. ती सोडा आणि दंतवैद्याकडून हिरडीखालचं कीटण काढून घ्या.