चेहरा पुसट दिसायला लागला तर नजर कुठे ठेवायची

मालवणात आमची खानावळ आहे. १३ वर्षांपूर्वी गल्ल्यावर बसले असताना समोरच्या गिऱ्हाइकाचे कान दिसत होते, सदऱ्याची बटणं दिसत होती, पण नाक-डोळ्यांच्या जागी नुसतं धुकं. डॉक्टरांनी निदान केलं, स्टारगार्ट. माझे आईवडील मामे-आत्येभावंडं. दोघांकडूनही सदोष जनुक आला की हा आजार होतो. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध, मॅक्युलात, कचरा साठत जातो आणि तिथल्या पेशी मरतात. कडेची नजर मात्र बहुतेकांची टिकते. माझी नजर आता ६/६० आहे. निरोगी डोळा ६० मीटरवरून वाचतो ते मी ६ मीटरवरून वाचते. खाली पडलेलं नाणं मी उचलते आणि दारातल्या शेजारणीला ओळखत नाही. ‘सोंग करते’ हेही ऐकून झालंय, आणि ते फार लागलं.

तर ही उरलेली कडेची नजर कामाला लावायची. जुन्या कालनिर्णयच्या पानामागे जाड मार्करने मोठं घड्याळ काढा, बारा आकडे, मधोमध ‘क’. पान भिंतीला लावा, हातभर लांब बसा, एक डोळा तळव्याने झाका. आता बारावर बघा. मग एकवर, दोनवर, असं फिरत जा आणि कुठल्या आकड्यावर नजर असताना मधला ‘क’ सगळ्यात स्वच्छ दिसतो ते ध्यानात ठेवा. माझ्या उजव्या डोळ्याचा आकडा एक. म्हणून माणसाशी बोलताना मी त्याच्या कपाळाच्या वर, जराशी उजवीकडे बघते आणि त्याचे ओठ हललेले मला दिसतात. नवख्याला आधीच सांगून टाकते, नाहीतर तो मागे वळून बघतो. सुरुवातीला डोळा हट्टाने मधेच येतो. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं बसा, रागावू नका त्याच्यावर.

वाचताना डोळा त्या जागी धरायचा आणि कागद उजवीकडून डावीकडे सरकवायचा. काळ्या पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खाच पाडून ती ओळीवर ठेवली की अक्षरं गर्दी करत नाहीत.

पैशाला बोटं लावा. १०० च्या नोटेच्या दोन्ही कडांना चार उठावदार तिरक्या रेघा आहेत, २०० ला चार रेघांमधे दोन गोल, ५०० ला पाच रेघा. मऊ पडलेली नोट बोटाला फसवते, ती लेकीला दाखवते.

उन्हातून आत आल्यावर उंबऱ्यात थांबा, आपले डोळे अंधाराला उशिरा सरावतात. बाहेर टोपी आणि काळा चष्मा हवाच.

एक कळकळीने सांगते. माझ्या मावशीने प्रेमाने माशाच्या यकृताच्या तेलाच्या गोळ्या आणून दिल्या होत्या, मीही दोन महिने घेतल्या. त्या तेलात अ जीवनसत्त्व भरपूर असतं, आणि या आजारात अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या टाळायच्या असतात, कारण तो कचरा त्याच्यापासूनच बनतो. ताटातला बांगडा सोडायची गरज नाही, गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

नजरेच्या मधला तो धुक्याचा डाग हळूहळू पसरतो, तसा आपला आकडाही बदलतो. माझा आधी दोन होता. म्हणून दर तीन महिन्यांनी घड्याळापुढे पुन्हा बसा. आणि दाराची चौकट एकदम वाकडी दिसायला लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.