रात्रपाळीनंतर दिवसा झोप होत नाही? या चुका टाळा

सकाळी सातला तिसरी पाळी सुटते, साडेआठला माणूस अंथरुणाला पाठ टेकतो आणि बाराला टक्क जागा होतो. पुढे नुसती तळमळ. मग उकाड्याला, शेजारच्या बांधकामाला, कुकरच्या शिट्ट्यांना दोष दिला जातो. त्यांचा त्रास खराच आहे, पण बहुतेकांची ही झोप पहाटे तीन ते सकाळी आठ या वेळातच बिघडलेली असते. दुरुस्तीही तिथूनच सुरू करायची.

पहाटे पाचचा चहा

पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचं तापमान सगळ्यात खाली गेलेलं असतं. पेंग आवरत नाही आणि कँटीनचा चहा हवासा वाटतो. पण पोटात गेलेलं कॅफिन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. साडेपाचला घेतलेल्या चहातलं निम्म्याहून जास्त कॅफिन साडेआठला अंगात असतंच. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्यामुळे झोप दाटून येते. कॅफिन नेमकी त्याचीच जागा अडवून बसतं. थकव्यामुळे डोळा लागतो, पण झोप उथळ राहते आणि जरा खुट्ट झालं की मोडते.

शेवटचा चहा दोनला, फार तर अडीचला. त्यानंतर पेंग आली तर उभ्याचं काम घ्या, चार पावलं चाला, किंवा जेवणाच्या सुट्टीत गजर लावून वीस मिनिटं डुलकी काढा. वीसच. पाऊण तास झोपलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं जड होतं. उठल्या-उठल्या प्रेस किंवा लेथवर हात घालू नका, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या.

घरी येताना डोळ्यांवर घेतलेलं ऊन

मेंदूतलं घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर लागतं. सकाळचं ऊन मिळालं की ते ‘दिवस उजाडला’ असं धरून चालतं, आणि तुम्ही मात्र तेव्हा झोपायला निघालेले असता. कंपनीच्या बसने येत असाल तर गेटबाहेर पडतानाच टोपी आणि काळा चष्मा घाला, खिडकीचा पडदा ओढून बसा.

स्वतः दुचाकी चालवत असाल तर हा सल्ला तुमच्यासाठी नाही. तिथे आधी जीव, मग झोप. काळ्या काचेने पेंग वाढू शकते. मागचा एक किलोमीटर कसा आला ते आठवत नसेल, गाडी पट्ट्याबाहेर जात असेल किंवा मान खाली येत असेल, तर तुम्ही सेकंद-दोन सेकंद झोपून उठत आहात. वारा लागू देऊन किंवा मोठ्याने गाणी लावून ते थांबत नाही. सुरक्षित जागी थांबा, चहा किंवा कॉफी घ्या आणि लगेच वीस मिनिटं डोळे मिटा. कॅफिनचा अंमल चढायला तेवढाच वेळ लागतो. पुढच्या झोपेचं थोडं नुकसान होईल. होऊ द्या.

‘जागाच आहे, तर एवढं उरकून टाकतो’

मुलांना शाळेत सोडणं, बँक, गॅसचा नंबर असं करता करता साडेदहा वाजतात. दिवस चढतो तसं शरीराचं तापमान वाढतं आणि झोप टिकणं अवघड होत जातं. साडेआठला झोपणाऱ्याला पाच तास मिळतात, अकराला झोपणाऱ्याला बऱ्याचदा तीनच. कामं उठल्यावर, दुपारी दोननंतर करा. आणि पाच तासांवर भागवू नका: पाळीला निघण्याआधी संध्याकाळी दीड-दोन तासांचा दुसरा हप्ता घ्या, म्हणजे एकूण साडेसहा-सात होतात. घरच्यांना ‘मला उठवू नका’ एवढंच सांगून चालत नाही. नेमकी वेळ सांगा, दारावर लिहून लावा.

अर्धवट अंधार

नुसता पडदा पुरत नाही. खिडकी बंद करून हात लांब करा. बोटं मोजता आली तर खोलीत उजेड आहे. काचेला आतून काळा कार्डपेपर चिकटवा, दाराखालच्या फटीत टॉवेल गुंडाळून ठेवा. टेबल फॅन एकाच वेगावर चालू ठेवा. त्याच्या सलग आवाजात घंटागाडी आणि भंगारवाल्याची हाक बरीच बुडते. मोबाइल बाहेरच्या खोलीत, घरच्यांच्या ताब्यात.

रात्री दोनचं भरपेट जेवण

रात्री पचन मंदावलेलं असतं. तेव्हाच्या भरल्या डब्याने जळजळ होते आणि सकाळी आडवं झाल्यावर आंबट घशाशी येतं. मुख्य जेवण पाळीआधी आठ-साडेआठला. मध्ये भाकरी-भाजी किंवा वाटीभर पोहे. घरी आल्यावर वडापाव-मिसळ नको, पण उपाशीही झोपू नका. एक पोळी किंवा केळं पुरतं.

झोपेसाठी दारू तर नकोच. डोळा लवकर लागतो, पण उत्तरार्धात झोप तुटत राहते आणि घोरणं वाढतं. सर्दीच्या गोळीने येणारी गुंगीही दुसऱ्या रात्री मशीनपर्यंत पाठलाग करते.

पाळी बदलताना

शेवटची रात्र संपवून आल्यावर दिवसभर झोपू नका. अकराचा गजर लावा, उठून उन्हात थोडं फिरा आणि रात्री साडेनऊ-दहाला झोपा. रात्रपाळी पुढेही चालू राहणार असेल आणि मध्ये एकच सुट्टी असेल, तर पूर्ण उलटं फिरू नका. त्या दिवशी पहाटे दोन-तीनला झोपून दहाला उठणं बरं. पाळ्यांचा क्रम सुपरवायझरच्या हातात असेल तर पहिली, मग दुसरी, मग तिसरी असा मागून घ्या. आपलं आतलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असतं, त्यामुळे झोप पुढे ढकलणं त्याला सोपं जातं, मागे ओढणं जड जातं.

हे सगळं करूनही आठवड्यातून तीन किंवा जास्त वेळा झोप उडत असेल आणि तीन महिने तसंच चाललं असेल, तर डॉक्टरांकडे जा. घोरताना श्वास अडकतो असं घरच्यांनी सांगितलं तर तीन महिनेही थांबू नका. मधुमेहाच्या किंवा फिटच्या गोळ्या, इन्सुलिन चालू असेल, तर पाळीप्रमाणे वेळा स्वतःच बदलू नका. पाळीचा तक्ता सोबत नेऊन डॉक्टरांकडून त्या लिहून घ्या.