हेलिकॉप्टर पायलटचं ट्रेनिंग आणि वाढलेलं वजन: पैसे भरण्याआधी या चुका टाळा

वजन जास्त आहे म्हणून हेलिकॉप्टर शिकण्याचा विचारच सोडून देणारे पुष्कळ असतात. वजन काय, उतरेलच, या भरवशावर पहिल्याच आठवड्यात सगळी फी भरून टाकणारेही तितकेच असतात. मला जास्त काळजी या दुसऱ्यांची वाटते, कारण त्यांनी भरलेला पैसा बहुतेक वेळा कर्जाचा असतो आणि वजन उतरेपर्यंत व्याज काही थांबत नाही.

या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. वजन उतरवणं आणि फीची सोय करणं ही दोन वेगळी कामं नाहीत. वजन जसं उतरेल तसा पैसा टप्प्याटप्प्याने भरायचा. हा क्रम उलटा झाला की पुढच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

सीटची मर्यादा हेच लक्ष्य समजणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर बोलू.

प्रशिक्षणासाठी जगभर खूप वापरलं जाणारं छोटं हेलिकॉप्टर म्हणजे रॉबिन्सन आर-२२. त्याची एका सीटची मर्यादा 240 पौंड, म्हणजे सुमारे 109 किलो. हा आकडा इंटरनेटवर सापडतो आणि 115 किलोचा माणूस ठरवतो, सहा किलो उतरवले की झालं. पण या 109 किलोंमध्ये सीटखालच्या कप्प्यातलं सामानही धरलेलं असतं. बूट, जाकीट, हेडसेट, मांडीवरची वही, फोन, पाण्याची बाटली हे सगळं तुमच्या अंगावर किंवा सीटखालीच असतं. सकाळी उपाशीपोटी, घरच्या काट्यावर, हलक्या कपड्यांत दिसलेला आकडा इथे कामाचा नाही. पूर्ण तयारीनिशी, शाळेच्या काट्यावर उभं राहाल तेव्हाचं वजन तेच खरं.

त्याहून महत्त्वाची आहे एकूण वजनाची मर्यादा. आर-२२ चं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन 1370 पौंड, म्हणजे सुमारे 621 किलो. रिकामं यंत्र साधारण 400 किलोंचं धरू. प्रत्येक यंत्राचा नेमका आकडा त्याच्या कागदपत्रांत असतो. माणसं आणि इंधन मिळून उरले 221 किलो. इन्स्ट्रक्टर 85 किलोंचा आणि तुम्ही 105 चे असाल तर दोघांचे 190 झाले. इंधनासाठी राहिले 31 किलो. हे यंत्र तासाला साधारण 24 किलो इंधन पितं. म्हणजे सव्वा तासाचं इंधन, आणि त्यातली किमान 20 मिनिटं राखीव ठेवणं अमेरिकेच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. हातात उरली 55 मिनिटं. त्यात इंजिन तापवणं, सराव क्षेत्रापर्यंत जाणं आणि परत येणं.

सीटच्या मर्यादेत तुम्ही आरामात आहात, तरीही लांब पल्ल्याचा धडा घेता येत नाही. प्रत्येक धडा आखूड, जाण्यायेण्यात जाणारा वाटा तेवढाच, आणि फीचं मीटर मात्र पहिल्या मिनिटापासून चालू. हेच वजन 93 वर आणलंत तर 12 किलो इंधन जास्त घेता येतं, म्हणजे आणखी अर्धा तास उड्डाण. उतरवलेला प्रत्येक किलो असा थेट शिकण्याच्या वेळात दिसतो.

म्हणून शाळेला पहिला प्रश्न ‘तुमची वजनमर्यादा किती’ हा विचारू नका. विचारा की माझं आजचं वजन, तुमच्या सगळ्यात जड इन्स्ट्रक्टरचं वजन आणि दीड तासाचं इंधन धरून या यंत्राचा हिशेब कागदावर करून दाखवाल का. चांगली शाळा दहा मिनिटांत करून देते. टाळाटाळ झाली तर दुसरी शाळा बघा.

हिशेबात गुरुत्वमध्यही (सगळं वजन जिथे तोललं जातं तो बिंदू) येतो, आणि तो इंधनाची टाकी भरलेली धरून एकदा आणि रिकामी धरून पुन्हा एकदा काढावा लागतो. आर-२२ मध्ये टाक्या माणसांच्या मागे आहेत. इंधन जळतं तसा गुरुत्वमध्य पुढे सरकतो. दोन्ही सीटवर जड माणसं असतील तर निघताना बरोबर असलेला तोल परतीच्या वेळी मर्यादेबाहेर जाऊ शकतो, आणि उतरताना नाक वर घ्यायला सायक्लिक (हेलिकॉप्टर पुढे-मागे, बाजूला कलवायचा दांडा) पुरत नाही. ही कागदी अडचण नाही. यावरून अपघात होतात.

मेडिकलच्या आधी फी भरणं

पुढे व्यावसायिक पायलट व्हायचं असेल तर त्या कामाला लागणारं वरच्या वर्गाचं मेडिकल, म्हणजे पायलटची वैद्यकीय तपासणी, आधी करून घ्या. सुरुवातीच्या लायसन्ससाठी खालचा वर्ग चालत असला तरीही. दीडशे तास उडवून झाल्यावर अडचण कळण्यापेक्षा एकही तास उडवण्याआधी कळलेली कधीही चांगली.

वजनामुळे मेडिकल आपोआप नाकारलं जातं असा समज आहे, तो बरोबर नाही. युरोपच्या नियमांत बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते दाखवणारा आकडा) 35 किंवा त्याहून जास्त असेल तर वजनामुळे कामात अडथळा येतो का, हृदयविकाराचा धोका किती, झोपेत श्वास अडकतो का हे पाहून निर्णय होतो. अमेरिकेत 2015 पासून परीक्षक स्लीप अॅप्नियाच्या, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याच्या, धोक्याकडे ठरवून लक्ष देतात. तिथेही नुसत्या बीएमआयवरून कुणाला बाद करत नाहीत. पण तपासणी सांगितली, उपचार सुरू झाले, ते लागू पडत असल्याचे अहवाल मागितले, की महिने जातात. ते महिने फी भरण्याआधी गेले तर बिघडत काही नाही. फी भरल्यावर गेले तर पैसा अडकून बसतो.

सगळी रक्कम एकदम देणं

अमेरिकेत सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स ही मोठी प्रशिक्षण कंपनी फेब्रुवारी 2008 मध्ये अचानक बंद पडली आणि दिवाळखोरीत गेली. हजारो विद्यार्थी अर्ध्यावर राहिले. त्यांच्यापैकी बहुतेकांनी संपूर्ण कोर्सची फी कर्ज काढून आधीच भरली होती. शाळा गेली तरी कर्ज त्यांच्या नावावरच राहिलं.

शाळा बंद पडते तेव्हा तुमच्या खात्यातली शिल्लक म्हणजे कंपनीवरचं बिनतारण देणं. तारण असलेली बँक आधी, तुम्ही रांगेत मागे. म्हणून पाच किंवा दहा तासांचे पैसे भरा, ते संपले की पुढचे. एकदम भरल्यावर मिळणारी सवलत मोहात पाडते हे खरं आहे, पण वजन अजून उतरायचं असलेल्या माणसाने ती घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या बाबतीत शाळा बुडण्याचा धोका आहेच, त्यात तुम्ही स्वतः काही महिने उडू न शकण्याचाही धोका आहे.

परताव्याच्या अटी लेखी घ्या. एक वाक्य हमखास असलं पाहिजे: वजन किंवा मेडिकलमुळे ट्रेनिंग थांबलं तर न वापरलेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत मिळतील. तोंडी आश्वासन देणारा माणूस सहा महिन्यांनी तिथे नोकरीला असेलच असं नाही.

मोठं हेलिकॉप्टर घेऊन वजनाचा प्रश्न सुटला असं मानणं

चार सीटच्या आर-४४ मध्ये एका सीटची मर्यादा 300 पौंड, सुमारे 136 किलो आहे. वजनदार विद्यार्थ्याला शाळा तेच सुचवते, आणि ते सुरक्षितही आहे. पण त्याचा तासाचा दर आर-२२ पेक्षा बराच जास्त असतो आणि तो फरक प्रत्येक तासाला द्यावा लागतो.

इथे साधा हिशेब करा. दोन यंत्रांच्या दरातला फरक गुणिले तुम्हाला लागणारे तास. आलेला आकडा म्हणजे तुमच्या जास्तीच्या वजनाची किंमत. तो आकडा डोळ्यांसमोर आला की चार-पाच महिने थांबून वजन उतरवायचं की आजच मोठ्या यंत्रावर सुरुवात करायची, हे ठरवणं सोपं जातं. ज्यांची उंचीच सहा फुटांच्या वर आहे आणि निरोगी वजनही नव्वदीच्या पुढे जातं, त्यांनी मात्र आर-२२ मध्ये बसण्यासाठी शरीराचे हाल करू नयेत. त्यांनी मोठ्या यंत्राचंच बजेट धरावं.

घाईघाईने वजन उतरवणं

आठवड्याला अर्धा ते एक किलो हा सुरक्षित वेग मानला जातो. बारा किलोंना त्या हिशेबाने तीन ते सहा महिने लागतात. वजन करायच्या आधी पाणी बंद करणं, घाम गाळणं, दोन दिवस उपाशी राहणं याने काट्यावरचा आकडा हलतो, पण वजनाचा हिशेब एकदाच होत नाही. तो प्रत्येक उड्डाणाआधी होतो. पुढच्या आठवड्यात पाणी परत येतं आणि हिशेब चुकतो.

शिवाय हॉवर, म्हणजे हवेत एकाच जागी तरंगत राहणं, शिकताना दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकाच वेळी, अगदी बारीक हालचालींनी कामात असतात. पोटात काही नाही, अंगात पाणी कमी, झोप अपुरी, अशा अवस्थेत तो तास वाया जातो. पैसे पूर्ण जातात, शिकणं अर्धंही होत नाही. ज्या दिवशी उडायचं त्या दिवशी उपास किंवा कडक डाएट नको. वजन उतरवण्याचं काम बाकीच्या दिवशी करा.

औषधांच्या बाबतीत जास्तच सांभाळा. भूक मारणारी उत्तेजक औषधं, उदाहरणार्थ फेंटरमीन, अमेरिकेत उड्डाणाच्या काळात चालत नाहीत. वजन कमी करण्याची नवी इंजेक्शनं असोत की पोटाची शस्त्रक्रिया, दोन्हींच्या बाबतीत कुठल्या अटी लागू होतात हे एव्हिएशन मेडिकल परीक्षकाला आधी विचारा, मगच सुरू करा. नेहमीच्या डॉक्टरांना उड्डाणाचे नियम माहीत असतीलच असं नाही. आणि घेत असलेलं औषध फॉर्मवर लपवू नका. नंतर उघड झालं तर औषधापेक्षा लपवणं जास्त महागात पडतं.

इन्स्ट्रक्टरला वजन कमी सांगणं

लाजेपोटी पाच-सात किलो कमी सांगणारे खूप आहेत. त्यांना मी मनापासून सांगते, इथे लाजू नका. आर-२२ चा रोटर (डोक्यावरची फिरती पाती) हलका आहे. शक्ती अपुरी पडली आणि रोटरचे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) घसरू लागले, तर सावरायला फार थोडा वेळ मिळतो. उष्ण दिवशी किंवा उंचावरच्या जागी हवा विरळ असते, शक्तीची शिल्लक आधीच कमी झालेली असते. अशा दिवशी तुम्ही लपवलेले सात किलो इन्स्ट्रक्टरच्या हिशेबात नसतात. तो कागदावर सुरक्षित असलेलं उड्डाण करतो आणि प्रत्यक्षात तसं नसतं.

वजन मोजताना कुणी थट्टा केली तर ती शाळा सोडा. तुमचा आकडा सांगणं हे पायलट म्हणून तुमचं पहिलं काम आहे.

कमीत कमी तासांवर बजेट बसवणं

खासगी लायसन्ससाठी अमेरिकेत किमान 40 तास, युरोपात 45. व्यावसायिकसाठी अमेरिकेत किमान 150. हे नियमातले किमान आकडे आहेत. त्यात पूर्ण करणारे विद्यार्थी थोडे. किमान तासांच्या दीडपट तरी रक्कम धरा. परीक्षकाची फी, पुन्हा द्यावी लागली तर ती परीक्षा, विमा, हेडसेट, पुस्तकं हे वेगळं. दुसऱ्या देशात शिकणार असाल तर चलनाचा दर वर गेला तर काय, याचीही तरतूद हवी.

तासांचं मीटर कशावर चालतं, हेही विचारा. इंजिन सुरू झाल्यापासून की कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वर उचलायचा दांडा) उचलल्यापासून? दर सारखा दिसणाऱ्या दोन शाळांत यामुळे पूर्ण कोर्सच्या खर्चात चांगलाच फरक पडतो.

पैसे पुरत नाहीत म्हणून महिन्यातून एकदाच उडणं, ही याच चुकीची पुढची पायरी. हॉवरचा हात दोन आठवड्यांत सुटतो आणि प्रत्येक धड्याचा पहिला भाग मागचं आठवण्यात जातो. त्यापेक्षा सहा महिने काहीच न उडता पैसे साठवा, त्याच काळात वजन उतरवा आणि मग आठवड्याला दोन-तीन वेळा सलग उडा.

त्या थांबलेल्या महिन्यांत हवामान, नियम, नॅव्हिगेशन, रेडिओवरचं बोलणं, आणि वजन-तोलाचा हिशेब हाताने करणं हे सगळं घरी शिकता येतं. फक्त लेखी परीक्षेची घाई करू नका. अमेरिकेत तिचा निकाल 24 महिनेच ग्राह्य धरतात. वजन उतरायला आणि पैसे जमायला अपेक्षेपेक्षा उशीर झाला तर ती पुन्हा द्यावी लागते. सराव पूर्ण ठेवा, परीक्षा उड्डाणं सुरू व्हायच्या सुमारास द्या.

लायसन्स मिळालं की वजनाचा प्रश्न संपतो असं समजणं

कर्ज फेडायचं म्हणजे नोकरी हवी, आणि नव्या हेलिकॉप्टर पायलटची पहिली नोकरी बहुधा इन्स्ट्रक्टरची असते. कारण तास कमी असलेल्याला दुसरीकडे घेत नाहीत. आता वरचा तोच हिशेब उलट्या बाजूने करा. तुम्ही 105 किलोंचे इन्स्ट्रक्टर असाल तर तुमच्या शेजारी 105 चा विद्यार्थी बसूच शकत नाही. इंधनाला जागा उरत नाही. शाळा म्हणूनच हलका इन्स्ट्रक्टर आधी घेते. जड इन्स्ट्रक्टरला विद्यार्थी कमी, तास कमी, पगार कमी, आणि हप्ता तेवढाच.

यासाठी लक्ष्य ठरवताना विद्यार्थी म्हणून नाही, इन्स्ट्रक्टर म्हणून किती वजन चालेल ते विचारा. ज्या शाळांत पुढे काम करावंसं वाटतं, त्यातल्या दोन-तीन ठिकाणी फोन करून इन्स्ट्रक्टरसाठीची मर्यादा विचारून घ्या. कर्जाचा पहिला हप्ता कधी सुरू होतो, शिकण्याच्या काळात व्याज साठतं का, तेही त्याच कागदावर लिहा. एका बाजूला दर महिन्याचं वजन, दुसऱ्या बाजूला त्या महिन्यात सोडायची रक्कम. वजनाची ओळ मागे पडली तर पैशाची ओळही त्या महिन्यात थांबवायची, शाळेचा फोन आला तरी.