जुनी डायकास्ट कॅम्पर व्हॅन विकत घेताना आधी तळ तपासावा

डायकास्ट म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून बनवलेली खेळण्यातली गाडी. अशा गाड्यांचा संग्रह कुठल्याही गाडीने सुरू न करता एका ठरावीक मालिकेने सुरू करावा. माझ्या मते लंडनच्या लेस्नी कंपनीची मॅचबॉक्स क्रमांक ३४ ही मालिका त्यासाठी उत्तम आहे. १९५७ साली या क्रमांकावर निळी फोक्सवॅगन व्हॅन आली, १९६२ साली बाजूचे दरवाजे उघडणारी फिकट हिरवी कॅम्पर, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली व्हॅन, आली आणि १९६७च्या सुमारास उंच छपराची चंदेरी गाडी आली. एकाच क्रमांकाखाली वेगवेगळ्या गाड्या असल्यामुळे विक्रेत्याने नुसते "मॅचबॉक्स ३४" लिहिले असेल, तर कोणती गाडी ते आधी विचारून घ्यावे.

किंमत ठरवण्यापूर्वी त्याच गाडीचे निदान पाच-सहा जुने व्यवहार पाहावेत.

खरी अडचण यानंतर येते. गाडीवरचा रंग कारखान्यातला आहे की नंतर कोणी चढवला आहे, हे ओळखणे मला अनेक वर्षे जमले नव्हते. "चमक पाहून कळते" हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे, कारण चांगला कारागीर चमक हुबेहूब साधतो. फिकट हिरव्या कॅम्परचा सुंदर फोटो पाहून मी एकदा ती परदेशातून मागवली होती. हातात आल्यावर उलटी केली, तेव्हा तळाचे रिव्हेट, म्हणजे तळ घट्ट धरणारी धातूची टोके, ड्रिलने कोरलेले आणि तळ गोंदाने चिकटवलेला दिसला.

म्हणून आधी रिव्हेट पाहावेत. खिडक्यांना पारदर्शक प्लॅस्टिक आणि आत सामान असलेल्या गाड्यांमध्ये वरच्या सांगाड्याचे खुंट तळातून बाहेर येतात आणि कारखान्यात त्यांची टोके दाबून पसरवलेली असतात. सांगाडा सुटा करून रंगवायचा, तर ती टोके कोरावीच लागतात. मूळ टोक एकसंध आणि गुळगुळीत असते. मध्ये खळगा, स्क्रू किंवा गोंदाची कड दिसली, तर गाडी उघडलेली आहे असे निश्चित समजावे. विक्रेता तळाचा जवळून काढलेला फोटो देत नसेल, तर व्यवहार करू नये.

रिव्हेट शाबूत असले तरी तपासणी संपत नाही, कारण काही जण गाडी न उघडताच रंग मारतात. अशा वेळी भिंगातून खिडकीच्या कडा आणि चाकांचे आस पाहावेत. तिथे रंगाचे शिंतोडे सापडतात. दरवाज्याच्या फटी आणि बारीक उठावरेषा बुजल्यासारख्या दिसल्या, तर रंगाचा दुसरा थर आहे. नखपॉलिश काढायचे द्रावण लावून रंग तपासू नये. त्याने मूळ रंगही निघतो, आणि माझ्या मते खरचटलेला मूळ रंग नव्या रंगापेक्षा नेहमीच मोलाचा असतो. निळ्या व्हॅनवरची अक्षरे चिकटवलेली असल्यामुळे ती गाडी कधीही पाण्यात भिजवू नये. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडणे पुरेसे आहे.

मूळ खोका मिळाल्यास त्यावरचे चित्र आतल्याच गाडीचे आहे ना, ते पाहावे. गाडी उन्हापासून दूर ठेवावी आणि कोकणासारख्या दमट हवेत कपाटात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या पावसाळ्यात वरचेवर बदलाव्यात.