'फिजिकल ग्राफिटी'वर मित्रांशी वाद कसा घालावा

जळगाव असो, भुसावळ असो नाहीतर धुळे, चार रॉकवाले जमले की लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडचा विषय निघतोच आणि मग गाडी येऊन त्यांच्या 'फिजिकल ग्राफिटी' या दोन तबकड्यांच्या डबल अल्बमवर अडते. एक म्हणतो भो हाच त्यांचा बेस्ट अल्बम, दुसरा म्हणतो निम्मा भरतीचा माल आहे, सिंगल, म्हणजे एकाच तबकडीचा काढला असता तर दगडावरची रेघ झाली असती, तिसरा म्हणतो 'काश्मीर' सोडून आहे काय त्यात, आणि अर्ध्या तासात सगळे तेच ते बोलून आपापल्या घरी जातात. या वादात अल्बम कोणी ऐकलेलाच नसतो, म्हणजे ऐकलेला असतो पण कधीतरी, तुकड्यातुकड्यात, बाइकवर जाताना कानात घालून. ८२ मिनिटांची वस्तू अशी ऐकून तिच्यावर निकाल देता येत नाही. म्हणून हा वाद नीट कसा घालायचा ते सविस्तर लिहितोय, कारण नीट घातला तर या अल्बमइतका रंगणारा वाद दुसरा नाही असं माझं ठाम मत आहे.

आधी एवढं माहीत करून घ्या

अल्बम आला २४ फेब्रुवारी १९७५ ला, बँडच्या स्वतःच्या स्वान साँग या लेबलवर त्यांचा हा पहिलाच. गाणी १५. त्यातली आठ नवी, १९७४ च्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात फिरता स्टुडिओ लावून रेकॉर्ड केलेली. ती आठ मोजली तर जवळपास ५३-५४ मिनिटं झाली आणि एका एलपीत, म्हणजे दोन बाजूंच्या एका तबकडीत, हे बसेना. आता यांच्यासमोर दोन रस्ते, नवं गाणं काढून टाकायचं नाहीतर एलपी दोन करायच्या, त्यांनी दुसरा धरला आणि आधीच्या अल्बमांच्या वेळी रेकॉर्ड करून बाजूला ठेवलेली सात गाणी यात घातली. 'ब्रॉन-यर-ऑर' तिसऱ्या अल्बमच्या वेळचं, १९७० चं. 'नाइट फ्लाइट', 'डाउन बाय द सीसाइड', 'बूगी विथ स्टू' चौथ्याच्या वेळची. 'द रोव्हर', 'ब्लॅक कंट्री वुमन' आणि 'हाउसेस ऑफ द होली' ही पाचव्याच्या वेळची, आणि यातली गंमत बघा, 'हाउसेस ऑफ द होली' नावाचा अल्बम १९७३ ला येऊन गेला पण त्याच नावाचं गाणं त्यात नाही, ते इथे आहे.

सगळा वाद या आठ-सातवर उभा आहे त्यामुळे ही यादी एका कागदावर लिहून बैठकीला घेऊन या, पण लगेच दाखवू नका, का ते पुढे सांगतो.

बैठक जमवा

चार-पाच जण पुरे, दहा झाले की गप्पाच होतात. एक जण असा पाहिजे ज्याला हा अल्बम तोंडपाठ आहे, एक असा ज्याला झेपलिन फारसे आवडत नाहीत, आणि जमलं तर एक असा जो रॉक ऐकतच नाही पण तालाचा पक्का आहे, भजनी मंडळात तबला वाजवणारा कोणाचा तरी मामा किंवा काका चालेल, चालेल काय, हवाच. त्यांना आदराने बोलवा, काका तुमचं मत पाहिजे म्हणा, ते येतात.

वेळ रात्रीची. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा दुपारी बंद खोलीत ही गाणी कोणाला सोसणार, म्हणून रात्री जेवणं आटोपली की गच्चीवर. हिवाळा असेल तर मग शेतच बघा, वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायला टाका, भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या, शेजारी कोणी नाही, आवाज कितीही करा. फक्त जेवण आधी उरका किंवा मधल्या सुट्टीत करा, भरीत हातात आलं की कोणी गाणं ऐकत नाही हे लिहून ठेवा. रात्ररात्र वहीगायनासारखं लोकगायन ऐकणारा हा मुलूख आहे, त्याला ८२ मिनिटं बसणं जड जायला नको.

स्पीकर दोन पाहिजेत, डावा-उजवा वेगळा. फोनच्या स्पीकरवर ऐकून 'टेन इयर्स गॉन'वर बोलूच नका, त्यात बँडचा गिटारवाला जिमी पेजने गिटारवर गिटार असे थर चढवलेत आणि फोनवर त्या सगळ्यांची एकच गिटार होते. एलपी असेल तर सोन्याहून पिवळं, नसेल तर मोबाइलवरून लावा पण शफल बंद करा, गाणी एकमेकांत मिसळणारी ती सेटिंग असते तीही बंद करा, आणि लाइट जाईल हे धरून बॅटरी भरून ठेवा. २०१५ ला निघालेल्या आवृत्तीत मागे जास्तीची डिस्क जोडलेली आहे, तिच्यात त्याच गाण्यांचे कच्चे मिक्स आहेत, ती ऐकायची नाही. पंधरावं 'सिक अगेन' संपलं की बंद.

चार बाजूंनी ऐका

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. हा अल्बम पंधरा गाण्यांची रांग म्हणून ऐकायचा नाही, तो चार बाजूंचा आहे आणि प्रत्येक बाजू वेगळी बांधलेली आहे. तिसऱ्या गाण्यानंतर थांबा, सहाव्यानंतर थांबा, दहाव्यानंतर थांबा. बाजू साधारण २१, १८, साडेबावीस आणि साडेवीस मिनिटांच्या आहेत. एलपीवर माणूस उठून तबकडी उलटायचा तेवढा वेळ मधे सोडा, पाणी प्या, पाय मोकळे करा, पण बोलायचं नाही. बाजू चालू असताना प्रत्येकाने प्रत्येक गाण्यापुढे एकच ओळ लिहायची आणि त्या ओळीत जागा असली पाहिजे, म्हणजे 'भारी आहे' असं नाही, 'अमुक मिनिटाला ड्रम आत येतात तिथे अंगावर काटा आला' असं.

कोणते जुने कोणते नवे याची यादी लपवायला सांगितली ती इथल्यासाठी. प्रत्येक गाण्यापुढे 'जुनं' की 'नवं' असाही अंदाज लिहायला लावा. कान रॉबर्ट प्लांटच्या आवाजावर ठेवायचे, 'नाइट फ्लाइट'मधला आवाज १९७१ चा, उंच आणि मोकळा, आणि 'कस्टर्ड पाय'मधला १९७४ चा, जास्त खरखरीत. हे एकदा कानात बसलं की पुढे ओळखता येतं, पण 'द रोव्हर'ला बरेच जण फसतात कारण ते नव्या गाण्यांच्या मधे इतकं घट्ट बसलंय. आणि जो म्हणत होता की जुनी गाणी लगेच वेगळी पडतात, त्याचा कागद मग सगळ्यांसमोर वाचा.

'काश्मीर'वर जरा जास्त वेळ द्या

हे गाणं दोनदा लावलं तरी चालेल. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा पायाने जॉन बॉनमच्या ड्रमचे चार मोजा, एक-दोन-तीन-चार, आणि हाताने मांडीवर गिटारच्या मुख्य तुकड्याचे तीन. सुरुवातीला हात-पाय एकमेकांत अडकतात. मग कळतं की ढोल चारात चाललाय, गिटार तीनात चाललीय, कोणी कोणासाठी थांबत नाही आणि बारा मात्रा झाल्या की दोघं परत एका जागी भेटतात. तबलावाल्या काकांना इथे काही समजावून सांगावं लागत नाही, त्यांची मान समेवर आपोआप हलते, आणि साडेआठ मिनिटं एकच तुकडा फिरत राहूनही कंटाळा का येत नाही ते बाकीच्यांना त्या मानेकडे बघून कळतं.

कोणीतरी म्हणेलच की हे आपल्या काश्मीरवर आहे. नाही. दक्षिण मोरोक्कोच्या वाळवंटात लांबच लांब रस्त्याने गाडीतून जाताना प्लांटला शब्द सुचले, काश्मीर त्याने तोवर पाहिलेलंच नव्हतं. पण भारताशी काहीच संबंध नाही असंही म्हणू नका, पेज आणि प्लांट १९७२ ला मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही स्वतःची दोन गाणी रेकॉर्ड करून गेले होते. तीन वर्षांनी 'काश्मीर'मध्ये जे व्हायोलिन आणि पितळी वाद्यांचं भारदस्त चाललेलं असतं त्याच्या मागे हे ऐकणं नसेल असं मला तरी वाटत नाही.

आता भांडा

चौथी बाजू संपली की बोलायला सुरुवात. दोनच नियम ठेवा. पहिला, गाण्यातली जागा दाखवल्याशिवाय मत मांडायचं नाही. 'बोअर होतं' म्हणणाऱ्याला विचारा कुठून बोअर झालं, कितव्या मिनिटाला, मग ती जागा परत लावा आणि सगळ्यांनी ऐका. 'इन माय टाइम ऑफ डाइंग' अकरा मिनिटांचं आहे, झेपलिनचं स्टुडिओत केलेलं सगळ्यात लांब गाणं, त्याच्यावर हा आरोप होणारच, तेव्हा मधे जिथे सगळं थांबतं आणि ड्रम परत कोसळतात ती जागा लावा आणि विचारा हे कापायचं का. शेवटी खोकल्याचा आवाज येतो, स्टुडिओतली बोलाचाली येते, ती पण ठेवलीय त्यांनी. तसंच 'ब्लॅक कंट्री वुमन' बागेत रेकॉर्ड करत होते, वरून विमान गेलं, तो आवाजही तसाच राहू दिलाय. कोणाला हा ढिसाळपणा वाटतो, मला यात माणसं दिसतात. यावर तासभर वाद होऊ शकतो आणि व्हावाच.

दुसरा नियम, खपाचे आकडे आणायचे नाहीत. अमेरिकेत हा १६ वेळा प्लॅटिनम (म्हणजे दहा लाखांच्या खपाचा शिक्का) आहे असं कोणीतरी फेकतो, तिथे डबल अल्बमची प्रत्येक डिस्क वेगळी मोजतात, म्हणजे प्रती त्याच्या निम्म्या, आणि निम्म्या असोत की पूर्ण, 'सिक अगेन' चांगलं की वाईट हे त्यातून ठरत नाही.

कात्री हातात द्या

'सिंगल पाहिजे होता' म्हणणाऱ्यांसाठी हा सगळ्यात खरा उपाय. त्यांना कागद द्या आणि सांगा, ४५ मिनिटं, दोन बाजू, गाणी आणि क्रम तुम्ही ठरवा. बहुतेक जण आधी फटकन म्हणतात की जुनी सात काढा, नवी आठ ठेवा, झालं. तेव्हा शांतपणे सांगा की दादा ती आठच ५३ मिनिटांवर जातात. एवढं एका एलपीत कोंबलं तर प्रत्येक बाजूला सव्वीस-सत्तावीस मिनिटं, खाचा जवळजवळ येतात, आवाज बारीक करावा लागतो आणि बास मरतो, आणि ज्या बँडचं अर्धं बळ बॉनमच्या ड्रममध्ये आहे त्याच्यासाठी हे परवडणारं नाही. मग 'इन माय टाइम ऑफ डाइंग' काढलं तर बेचाळीसवर येतं, 'इन द लाइट' काढलं तर जेमतेम पंचेचाळीसच्या आत बसतं. काढा बघू कोणतं काढता. इथे भलेभले गप्प होतात, कारण आता 'भरती' काढायची नाहीये, हाडामासाचं काहीतरी काढायचंय.

आणि कापणाऱ्याने नुसती नावं सांगून सुटायचं नाही, त्याचा क्रम लावून सगळ्यांनी ऐकायचा. तेव्हा कळतं की 'इन द लाइट'नंतर दोन मिनिटांचं 'ब्रॉन-यर-ऑर' काय करतं. आधी जॉन पॉल जोन्सच्या सिंथेसायझरचा तो धरून ठेवलेला सूर, अंधारातून येतो तसा, पुढे गाणं मोठं होत जातं, आणि मग एकट्या अकूस्टिक गिटारचं हे छोटंसं वाजणं. ते काढून 'टेन इयर्स गॉन' थेट जोडून बघा, दोन्ही गाणी लहान वाटायला लागतात.

माझी बाजूही सांगून टाकतो. चौथ्या बाजूवर सगळे तुटून पडतात आणि मी तिच्याच बाजूने भांडतो. तिसरी बाजू इतकी जड भावनेची आहे की त्यानंतर माणसाला नुसतं वाजवणं ऐकायचं असतं, हसतखेळत, आणि 'नाइट फ्लाइट' ते 'सिक अगेन' तेच देतं. 'बूगी विथ स्टू' एकवेळ सोडेन, रोलिंग स्टोन्सबरोबर वाजवणाऱ्या इयन स्टुअर्टचा पियानो त्यात सुंदर आहे पण गाणं म्हणून हलकं आहे, कोणी फारच हट्टाला पेटलं तर ते देऊन 'द वाँटन साँग' वाचवा. बाकी एकही नाही.

शेवटी मत घ्या

हात वर करून नको, मोठ्या दादाचा हात वर गेला की लहान पोरं तोच करतात. चिठ्ठ्या करा. दोनच प्रश्न, कोणती बाजू सर्वात भक्कम आणि कोणतं एक गाणं गेलं तरी चालेल. चिठ्ठ्या रॉक न ऐकणाऱ्या काकांना वाचायला द्या आणि त्यांचं मत सगळ्यात शेवटी विचारा. सगळ्यांचे कागद फोटो काढून ठेवा, पुढच्या बैठकीला मतं बदलतात आणि लोक नाही म्हणतात.

पुढच्या बैठकीला गन्स अँड रोझेसचे 'यूज युवर इल्यूजन'चे दोन्ही भाग घ्या, १७ सप्टेंबर १९९१ ला एकाच दिवशी पण वेगवेगळे विकायला आले, मिळून ३० गाणी आणि अडीच तासांच्या आसपास. एका रात्रीत करू नका, पहिला भाग एका शनिवारी, दुसरा पुढच्या शनिवारी, आणि कात्रीला इथे बारा गाण्यांची मर्यादा ठेवा.