पुरासाठी शिधा: तारीख उलटलेलं काय ठेवावं, काय फेकावं

2019च्या जुलैअखेरीस आणि 2024च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्याच्या सोसायट्यांमध्ये शिरलं, तेव्हा दुकानं बंद होती आणि वीजही गेली होती. अशा तीन-चार दिवसांसाठी माळ्यावर शिधा हवाच. पण नको झालेली पाकिटं वर चढवून ठेवली म्हणजे शिधा होत नाही.

आधी पाकिटावरचे शब्द वाचा. ‘बेस्ट बिफोर’ची तारीख गेली की चव आणि वास उतरतो, पदार्थ लगेच विषारी होत नाही. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘युज बाय’ लिहिलं असेल आणि तारीख गेली असेल, तर ते पाकीट साठ्यात घेऊच नका. तारीख उलटलेली बाळाच्या दुधाची पावडर आणि ओआरएस तर कधीच नाही.

मीठ, साखर, पांढरा तांदूळ, तूरडाळ, मूगडाळ कोरडी असेल तर ‘बेस्ट बिफोर’नंतरही चालते. तेल असलेलं काहीही टिकत नाही: शेंगदाणे, शेव, खाकरा, बाजरीचं पीठ. ते खवट होतं, आणि डबा कितीही घट्ट लावला तरी खवटपणा थांबत नाही. जुना राजमा किंवा काबुली चणा खराब होत नाही, पण शिजायला दुप्पट गॅस खातो. पुरात गॅस आणि पाणी दोन्ही मोजकं असतं, म्हणून डाळीच ठेवा. फुगलेला, गळका किंवा शिवणीवर गंजलेला पत्र्याचा डबा चाखूनसुद्धा पाहू नका. बोट्युलिझमच्या (डबाबंद अन्नात वाढणाऱ्या जिवाणूंच्या जीवघेण्या विषबाधेच्या) विषाला वास येईलच असं नाही.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट: ओलावा. बहुतेकजण जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेल्यावर, भरायला बसतात. तेव्हा हवाच दमट असते, आणि ती हवा तुम्ही डब्यात कोंडता. हे काम एप्रिल-मेमध्ये करा. डाळ पातळ पसरून दोन दिवस कडक ऊन द्या. तांदळाला मात्र ऊन देऊ नका, दाणा तडकतो, त्याला सावलीत वारं पुरे. गरम डाळ लगेच डब्यात भरली की आत वाफ धरते, झाकणाखाली पाणी साचतं आणि महिन्याभरात बुरशी येते. पूर्ण गार होऊ द्या, मगच झाकण लावा.

तपासणी सोपी आहे. कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर दाणे आणि चमचाभर कोरडं मीठ घालून हलवा, दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर दाण्यात ओल आहे, पुन्हा वाळवा. उन्हाने किडे पळतात, अंडी मात्र राहतात. म्हणून जमेल तितकं एक-एक किलोच्या बंद पिशव्यांतून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका, नाहीतर थंड दाण्यांवर हवेतलं बाष्प जमतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

कडुलिंबाचा पाला घालायचा तर कुरकुरीत वाळलेला. ओला पाला म्हणजे ओलाव्याला आमंत्रण. दाण्यांना दिवेल (एरंडेल तेल) चोळायचं तर हाताला जेमतेम लागेल इतकंच. बोरिक पावडर आणि पाऱ्याच्या गोळ्या अजिबात नकोत. गव्हात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या घरात आणूही नका: त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही.

चौघांच्या तीन दिवसांसाठी तीन-साडेतीन किलो तांदूळ, सव्वा किलो डाळ, मीठ, गूळ आणि पिण्या-शिजवण्याचं चाळीस लिटर पाणी धरा. डब्यावर घेतल्याची आणि छापील, दोन्ही तारखा मार्करने लिहा. अक्षय्य तृतीया आणि दिवाळीला उघडून वास घ्या. जुनं स्वयंपाकात काढा, जागी नवं भरा.

साठा माळ्यावरच ठेवा, ओट्याखाली नाही. पुराचं पाणी लागलेली पिशवी किंवा बरणी धुऊन वापरू नका. झाकणाच्या आट्यांत गाळ अडकतो आणि तो धुऊन निघत नाही.