महापुरात मिरजेत खोली मिळाली ती अशी

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ च्या वर गेलेलं. गावभागातला आमचा तळमजला बुडाला. आई, बायको, दोन पोरं आणि कागदपत्रांची पिशवी घेऊन बोटीतून निघालो.

दोन रात्री शाळेतल्या छावणीत काढल्या. जेवणाची ददात नव्हती, पण आईला सतरंजीवरून उठवायला दोघं लागायचे. एजंटाला फोन केला तर तीन महिन्यांचं डिपॉझिट आणि अकरा महिन्यांचा करार! मला महिन्याभराचाच आडोसा हवा होता.

छावणीत भाजी चिरणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मिरजेत बघा की. पेशंटच्या माणसांना खोल्या देत्यात तिथं."

हे डोक्यातच आलं नव्हतं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. नातेवाइकांसाठी दिवसावर, आठवड्यावर खोल्या मिळतात. चौथ्या ठिकाणी जमलं. तळमजला, कमोड, एक शेगडी. मालकीणबाईंनी आधारची झेरॉक्स आणि आठवड्याचं भाडं घेतलं, बस्स. पावती मात्र मी मागून घेतली.

चूक झाली ती पुढे. पाणी ओसरल्यावर पंचनाम्याची माणसं कुलूप बघून परत गेली. मग दारावर खडूनं मोबाईल नंबर लिहिला, शेजाऱ्यांकडे मिरजेचा पत्ता ठेवला. भिंतीवरची चिखलाची रेघ आई धुवायला निघाली होती. तिला अडवण्यावरून जुंपली, पण पाचव्या दिवशी माणसं परत आली तेव्हा त्यांनी आधी त्या रेघेचाच फोटो काढला.